वाफसा

माझं मंचरला खत-बियाण्यांचं दुकान आहे, त्यामुळे वजनकाटा कायम हाताशी असतो. ५ डिसेंबर २०२१ च्या रविवारी दुपारी, घरी जायच्या आधी मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं, डाव्या पायातला बूट काढला आणि काट्यावर ठेवला. नऊशे चाळीस ग्रॅम. नवा घेतला त्या दिवशी हाच बूट याच काट्यावर तीनशे दहा भरला होता. (नव्या बुटाचं वजन करून बघणारा माणूस कसा असेल, असं मनात आलं असेल तर येऊ द्या. धंद्याची खोड आहे.) वरचे सहाशे तीस ग्रॅम म्हणजे आंबेगाव तालुक्यातल्या निरनिराळ्या मालकांची जमीन. बांधाच्या वीतभर मातीसाठी आमच्याकडे तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या तारखा करतात. मी एका दिवसात दहा-पंधरा सातबाऱ्यांवरची माती फुकट उचलून आणली होती.

त्या दिवशी आम्ही तिघं बेचाळीस किलोमीटर पळालो होतो. पळालो हा शब्द जरा सैल धरा. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणारे आमचे एक सर, पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आणि पन्नाशीला टेकलेला मी. करोनाने दोन वर्षं बहुतेक शर्यती गिळल्या होत्या. पुण्याला जाऊन नंबर लावायचा, टी-शर्ट घ्यायचा, पदक गळ्यात घालून फोटो काढायचा हे सगळं बंद. तेव्हा सरांनी डोकं चालवलं : डिंभे धरणाच्या भिंतीपासून मंचरपर्यंत, शक्यतो डांबर टाळून, कॅनॉलच्या कडेने, पाणंदीतून, माळावरून. डांबरी रस्त्याने हे अंतर पंचवीसेक किलोमीटर. वळणं घालून त्याचं बेचाळीस करायचं. तारीख ठरली, डिसेंबरचा पहिला रविवार. थंडी पडलेली असेल, वाटा कोरड्या असतील, गवत पिवळं झालं असेल.

आणि बुधवारी, १ डिसेंबरला, पाऊस लागला.

आमच्या भागात हिवाळा आणि चिखल यांची गाठ सहसा पडत नाही. चिखल आषाढ-श्रावणाचा, भातआवणीचा. दिवाळीनंतर रान वाळत जातं, सकाळी दहिवर पडतं तेवढीच ओल. हिवाळ्यात चिखल दिसलाच तर तो माणसाने केलेला : कॅनॉलला आवर्तन सुटलं की चारी फुटून रस्त्यावर आलेला, नाहीतर उसाच्या ट्रॉल्यांनी शेतातून डांबरावर ओढून आणलेला. हा दुसरा फार वाईट. डांबरावर बोटभर जाडीचा काळा थर, वरून दव. मोटरसायकलवाल्यांना विचारा. तिसरा प्रकार अवकाळीचा. तो पूर्वी पाच-सात वर्षांतून एकदा यायचा. आता दुकानातल्या माझ्या डायरीत जवळपास दरवर्षी त्याची नोंद असते. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर तर गारा पडल्या. पण २०२१ चा तो पाऊस वेगळा होता. दोन दिवस संततधार, वर थंड वारा. भर दुपारी अंगातलं स्वेटर निघालं नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो उघडला. सरांचा फोन आला, "तीन दिवस ऊन खाल्लं की वाळेल, काय?" मी म्हणालो, "वाळंल." इतकी वर्षं मातीशी संबंधित धंदा करणाऱ्या माणसाने इतकं चुकीचं उत्तर द्यायला नको होतं.

आमची काळी जमीन बसाल्ट झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्या-पापुद्र्यांचे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात भरपूर पाणी असेल तेव्हा ती पातळ असते, पाय रुततो पण बाहेर येतो, पुढच्या ओहोळात धुऊनही निघतो. अगदी कोरडी असेल तर चिकटत नाही. खरी चिकटते ती मधल्या अवस्थेत, पाणी निथळून गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणजे पावसातच पळालो असतो तर परवडलं असतं. आम्ही शहाणपणाने थांबलो आणि नेमका चौथा दिवस निवडला.

सकाळी सातला आम्ही डिंभ्याला उभे होतो. अजून लवकर निघता आलं असतं, पण जुन्नर-आंबेगावात उसाच्या कडेने अंधारात पळायचं नाही, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतलाय. बिबट्या आता इथे डोंगरात नसतो, उसात असतो. मादी उसातच विते आणि नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की तिचं घर फडाफडाने कमी होत जातं. जुन्नरजवळ माणिकडोहला वनविभागाचं बिबट्या निवारा केंद्र आहे, ते काही हौसेने काढलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या शर्यती पहाटे पाचला डोक्यावर बॅटऱ्या लावून सुटतात. फोटो छान येतात. आमच्याकडे तसं कुणी आखायला लागलं तर मी पहिला विरोध करीन. वाकून बुटाची नाडी बांधणारा माणूस लांबून चार पायांचा दिसतो.

डिंभ्याच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाच्या ट्रकपुढे १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत आडवा झालेला हा गिरणी कामगार आमच्याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ गाव याच पाण्याखाली आहे. साडेतेरा टीएमसीचं धरण, कुकडी प्रकल्पातलं. सर पोरांना शिकवतात तसं हे सगळं भिंतीकडे बोट करून सांगत होते आणि भरतीचा पोरगा जागच्या जागी उड्या मारत होता. त्याला थंडी वाजत होती.

पश्चिमेकडे बोट मात्र सरांनी नुसतं केलं, बोलले काही नाहीत. त्या बाजूला माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि गाव चिखलात गेलं. १५१ माणसं. एसटीचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला, तर गाव जागेवर नव्हतं. जगाला कळलं ते त्याच्यामुळे. या तालुक्यात चिखल हा शब्द मौजेने वापरताना म्हणूनच जरा जीभ अडखळते. ऐन पावसाळ्यात या उतारांवर ‘मड रन’ वगैरे भरवावी, अशी टूम अधूनमधून पुण्याहून येते. हिरवंगार दिसतं, धबधबे असतात, हे खरं. पण जुलै-ऑगस्टमध्ये त्या डोंगरांच्या पोटाखाली चार-पाचशे माणसं एका वेळी नेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात या.

पहिले सात-आठ किलोमीटर मजेत गेले. शिनोलीकडे उतरताना वरच्या बाजूची माती तांबूस, मुरमाड. पाणी पिते आणि सोडून देते. भाताची खाचरं कापून झाली होती, धसकटं उभी होती आणि त्यांवर पाय टाकला की खाली चिखल असूनही आधार मिळत होता. पेंढ्याच्या उडव्या भिजून काळ्या पडल्या होत्या. एका वेताळाच्या देवळापाशी आम्ही शेंगदाणे-गूळ खाल्ला. सर म्हणाले, "असंच असेल तर साडेपाच तास."

मग कॅनॉलची पट्टी सोडून खाली उतरलो आणि काळी लागली.

पहिल्या पन्नास पावलांत बूट दुप्पट झाले. पुढच्या पन्नासांत उंची वाढली. तळाला माती चिकटते, तिला गवत चिकटतं, गवताला पुन्हा माती, आणि माणूस खडावा घातल्यासारखा चालू लागतो. डोंगरी वाटांसाठी म्हणून जे बूट मिळतात त्यांच्या तळाला पाच-सहा मिलिमीटरचे खिळ्यांसारखे रबरी दात असतात. मऊ मुरमात आणि गवतात ते छान रुततात. आमच्या काळ्या मातीने ते दात दोन मिनिटांत भरून टाकले आणि वर गुळगुळीत साबण फासला. हे बूट ज्यांनी बनवले त्यांनी मंचरची जमीन पाहिलेली नाही.

कांद्याच्या वाफ्यांसाठी तयार केलेल्या एका रानाच्या बांधावरून आम्ही असे डुलत निघालो होतो. तिकडून एक म्हातारे बाबा ओरडले, "कोण रं ते?" मग ओळख पटली. माझंच गिऱ्हाईक. "शेठ, तुम्ही? वाघ मागं लागला का काय?" आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

मी सांगितलं, शर्यत आहे. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "बाकीचे कुठंयत?"

बाकीचे कुणी नाहीत, आम्हीच तिघं, आणि जिंकायचं वगैरे काही नाही, हे समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. ते त्यांना पटलं नाही, पण राग आला तो दुसऱ्याच कारणाने. सर बांधावरून घसरून दोन पावलं रानात गेले होते. "ओल्यात रान तुडवू नका, मास्तर. ढेकळं होत्यात. मग फोडायला माझा बाप येणारे का?" हे अगदी खरं. ओली काळी दाबली की तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात आणि वाळल्यावर विटेसारखा तुकडा तयार होतो. एका माणसाच्या दोन पावलांनी काही बिघडत नाही, पण तीनशे माणसं एका ओळीने गेली तर त्या पट्ट्यात त्या वर्षी पीक वेगळं दिसतं. मी स्वतः एकदा दुसऱ्या तालुक्यात अशा एका स्पर्धेत धावलोय, नाव घेत नाही. हरभऱ्यातून मार्ग काढला होता. शेतकऱ्याला विचारलं होतं की नाही ते माहीत नाही, पण झाडांना बांधलेल्या प्लॅस्टिकच्या फिती महिन्याभराने गेलो तेव्हाही तिथेच फडफडत होत्या.

बाबांनी खाली वाकून मूठभर माती घेतली, दाबून तिचा लाडू केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. लाडू पडला तसाच राहिला, जरा चपटा झाला इतकंच. "फुटला पायजे," ते म्हणाले. "फुटला की वाफसा. आज नाही, उद्या नाही. कांद्याचं रोप तयार हाय, पर रान घेत नाही." हातातली माती त्यांनी धोतराला पुसली. "तुम्ही पळा, तुम्हाला काय. पर बांधाच्या गवतावरून पळा, आन् पाय उचलून टाका, ओढू नका."

ट्रेल रनिंगच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत मी जे काही वाचलं-पाहिलं होतं त्याचा अर्क या शेवटच्या वाक्यात आहे. पाऊल आखूड, गुडघा जरा वर, टाच आपटायची नाही, वजन पायाच्या बरोबर वर. निसरड्यावर लांब ढांग टाकली की पाय पुढे जातो आणि माणूस मागे राहतो. गवत, पाचट, धसकट, जे काही मुळाने धरलेलं आहे त्यावर पाय. ओल्या कातळावर शेवाळ काळं दिसतं की हिरवं ते बघायचं. काळं जास्त दगा देतं, कारण ते दगडासारखंच दिसतं. आणि पाणंदीत चाकोरी सोडायची. ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांत पाणी साचलेलं असतं, मधल्या उंचवट्यावर गवत. चाकोरीबाहेर पडा असं आपण भाषणांत ऐकतो. त्या दिवशी ते आमच्या घोट्यांना कळलं.

भरतीच्या पोराने यातलं काहीच केलं नाही. त्याने घोडेगावच्या अलीकडे बूट काढले, नाड्या एकत्र बांधून गळ्यात अडकवले आणि अनवाणी निघाला. दहा मिनिटांत तो दिसेनासा झाला. अनवाणी पायाला माती चिकटते, पण बोटं हलली की सुटते. पायाची बोटं जमिनीत रोवता येतात. काट्यांची भीती असते, पण ती त्याला नव्हती.

जुन्नर-आंबेगावातले खरे पळणारे म्हणजे ही पोरं. पहाटे महामार्गाच्या कडेला, कॉलेजच्या मैदानावर, धरणाच्या भिंतीवर हीच दिसतात. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे. त्यांच्यासाठी पळणं म्हणजे छंद नाही, नोकरीचा अर्ज आहे. या पोराच्या मोबाइलवर अविनाश साबळेचा फोटो होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा, कष्टकरी आई-बाप, शाळेसाठी रोजची पायपीट, मग महार रेजिमेंट, सियाचीन. सैन्यात तो आधी क्रॉसकंट्री पळाला आणि मग अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला, ज्यात दर फेरीला पाण्याच्या खड्ड्यात उडी असते. आमच्या त्या रविवारच्या चार महिने आधी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. पुढे २०२४ मध्ये, ऑलिंपिकच्या आधी, पॅरिसला ८:०९.९१. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत हीसुद्धा डोंगरवाटांवर अनवाणी पळतच घडली.

पण अनवाणी म्हटलं की मला आणखी मागचं आठवतं. १९२० च्या आसपास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती होत. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा. शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पल्ल्याचं पळताना त्यांनी तिथे पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्यांच्या फार मागे नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा पहिला संघ गेला. त्यात मॅरेथॉनला बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता. २२ ऑगस्टला तिथे हवा गार होती, पाऊस होता. अंतर ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन जिंकला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावा आला. बेळगावकडची माणसं सोडली तर हे नाव आज कुणाला सांगता येत नाही. मला यात एक गोष्ट फार आवडते : आपल्या ऑलिंपिकची सुरुवात स्टेडियममधून झालेली नाही, ती जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी पळणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांपासून झाली.

चिखलात पळण्याचा खेळ केला तो मात्र इंग्रजांनी. १८३० च्या दशकात रग्बी शाळेत पोरांना शेतांतून, ओढ्यांतून दूरवर पळवण्याची प्रथा पडली. दोघं पुढे कागदाचे कपटे टाकत पळायचे, ते ससे. बाकीचे माग काढत जायचे, ते कुत्रे. क्रॉसकंट्री तिथून आली. आता तिची जागतिक स्पर्धा होते आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टला ती झाली तेव्हा मार्गात मुद्दाम चिखलाचा खड्डा केला होता, द्राक्षांच्या बागेतूनही पळवलं होतं. ऐन उन्हाळ्यात चिखल तयार करायचा म्हणजे पाणी आणून ओतावं लागलं असणार. हे मी बाबांना नंतर सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि मग म्हणाले, "त्यांना म्हणावं इकडं या, भाडं बी घेणार नाही."

घोडेगाव मागे पडल्यावर आभाळ पुन्हा भरून आलं. पाऊस आला नाही, पण वारा सुटला. आमचे कपडे चिखलाने आणि घामाने ओले. वीस किलोमीटर झाले होते, वेग माणूस चालतो तेवढा. आणि इथेच तो वाडा दिसला.

मेंढपाळांचा वाडा. वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीची जाळी, लावलेली होती. बाहेर एका बाजूला मेंढ्या पडलेल्या होत्या, ओळीने. आधी वाटलं बसल्यात. जवळ गेल्यावर लक्षात आलं. पंचनामा होईपर्यंत पुरायच्या नाहीत असं कुणीतरी सांगितलं होतं आणि बाई कोकरू पदराखाली घेऊन चुलीपाशी बसली होती. बाप्या आमच्याशी काही बोलला नाही. त्या दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात अशा शेकडो मेंढ्या गेल्या. पेपरात आलं होतं, मी वाचलंही होतं, पण आकडा वाचणं वेगळं.

मेंढीच्या अंगावर लोकर असते, मग ती थंडीने मरते कशी? कोरड्या थंडीने नाही मरत. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. लोकर भिजली, वर वारा, खाली चिखल, बसायला कोरडी जागा नाही, रात्रभर. पारा शून्याच्या आसपासही नसतो, बारा-चौदा अंशांतही हे होतं. माणसाचंही हेच. त्याच वर्षी २२ मे रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, पिवळ्या नदीकाठच्या डोंगरांत, शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण निघाले. वरच्या टप्प्यात अचानक गार पाऊस, गारा आणि वादळी वारा. बहुतेकांच्या अंगात अर्धी चड्डी आणि पातळ बनियन. वारा अडवणारं जाकीट सक्तीचं नव्हतं. २१ जण गारठून मेले, त्यांत देशातले नावाजलेले धावपटू होते. सहा जण वाचले ते एका मेंढपाळामुळे. तो वादळ आलं म्हणून गुहेत शिरला होता, शेकोटी पेटवून बसला होता, आणि त्याने त्यांना आत घेतलं.

सरांचे ओठ मला निळे दिसले ते त्या वाड्यापाशीच. त्यांना सॅकची चेन उघडता येत नव्हती, आणि ते म्हणत होते "मी ठीकाय", पण शब्द एकमेकांत अडकत होते. हे लक्षण लक्षात ठेवा. माणूस कुडकुडतो तोवर बरं असतं. बोटं ऐकेनाशी होतात, जीभ जड होते, पाय अडखळतात, तेव्हा थांबायचं. मी त्यांचा ओला शर्ट काढायला लावला, माझ्या पिशवीतलं कोरडं बनियन आणि खताच्या पोत्याच्या आत येते ती प्लॅस्टिकची पिशवी वर चढवली. ती पिशवी मी चिखलाचे बूट ठेवायला आणली होती. गळ्याला आणि दोन हातांना भोकं पाडली. त्या बाईने न विचारता चुलीवरचा कोरा चहा दिला. अर्ध्या तासाने सर पुन्हा बरोबर बोलायला लागले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही." सर, माफ करा.

असं सांभाळायला सोबत माणूस लागतो. पेशवाईच्या कागदांत पत्रं पोचवणाऱ्यांचा उल्लेख जासूदजोडी असा येतो. एकटा नाही, जोडी. नाणेघाट इथून फार लांब नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडून जुन्नरला माल यायचा तो या वाटेने, आणि घाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. या डोंगरांतून माणसं इतकी शतकं धावत-चालत आली, ती एकेकटी धावत नव्हती. आता प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ असतं, ते नाडीचे ठोके सांगतं, उपग्रहावरून जागा सांगतं, पण ओठ निळे झालेत हे सांगत नाही.

लांडेवाडीला आलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. पोरगा तिथे बैलगाड्यांच्या घाटात बसून आमची वाट बघत होता. पायांवरचा चिखल वाळून पांढुरका झाला होता, मोजे घातल्यासारखा. घाट रिकामा. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालापासून शर्यती बंद होत्या आणि त्या धावपट्टीवर गवत माजलं होतं. आमच्या भागात शर्यत हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे हाच चढ येतो, बैल, पुढे घोडी, वर भिर्रर्र करणारा भोंगा, आणि दहा-बारा सेकंदांचा खेळ. बाबांना आमची सात तासांची शर्यत कळली नाही, त्यात त्यांचा काय दोष? पोरगा म्हणाला, "शेठ, एक बारी मारू?" आणि तो खरंच तळापासून माथ्यापर्यंत तोडून पळाला, तीस किलोमीटर झाल्यावर. सरांनी मोबाइलवर वेळ लावली. बैलांपेक्षा कमी आली नाही. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ डिसेंबरला, कोर्टाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि २०२३ च्या मेमध्ये ती कायम केली. त्या घाटावर आता आमच्यासारख्यांना मोकळं पळता येत नाही.

शेवटच्या दहा-बारा किलोमीटरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पाय दुखले. मंचर दिसायला लागल्यावर घड्याळात सदतीसच भरले होते, म्हणून अवसरीच्या घाटाकडे जाऊन परत आलो. मुरमाचा माळ, कोरडा, आणि पाचच किलोमीटर. बूट तिथेच आपटून जेवढी माती सुटली तेवढी सुटली. राहिली ती काट्यावर आली. सात तास दहा मिनिटं.

सिंहगड-राजगड-तोरणा ही आपल्याकडची डोंगरी अल्ट्रा शर्यत डिसेंबरातच होते, अकरा किलोमीटरपासून शंभरपर्यंत. ती मोठी, आखीव, नावाजलेली. आमच्या तालुक्यांत माझ्या माहितीत तरी अजून तसं काही नाही आणि घाई करू नये असं मला वाटतं. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, नाणेघाट, दुर्ग-ढाकोबा, आहुपे असा पट्टा इथे पडलाय. कुणी ना कुणी शर्यत काढणारच. काढणाऱ्याने आधी त्या वाटांवर रोज चालणाऱ्यांना, हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळी बायांना, गुराख्यांना, मेंढपाळांना विचारावं. ओढा कुठे अचानक वाढतो, कातळ कुठे घसरतो, कुठल्या खाचरात अजून पीक उभं आहे, हे त्यांना पाठ असतं. मार्गदर्शक म्हणून त्यांना घ्यावं आणि पैसे द्यावेत. नुसतं पाणी वाटायला उभं करू नये.

आणि तुम्ही स्वतः हिवाळ्यात इकडे पळायला आलात, तर सूर्य वर आल्यावर निघा. दोघं तरी असा. एक कोरडा शर्ट आणि वारा अडेल असं काहीतरी पिशवीत ठेवा, खताच्या पोत्यातली पिशवीसुद्धा चालेल, माझ्या दुकानातून फुकट मिळेल. बांध ओलांडायच्या आधी रानात जो कुणी असेल त्याला हाक मारा.

पुढच्या रविवारी, १२ डिसेंबरला, मी मोटरसायकलवर डिंभ्याच्या रस्त्याने गेलो. बाबू गेनूंचा दिवस होता. परत येताना बाबांच्या रानापाशी थांबलो. दहा-बारा बायका ओळीने वाकून कांद्याची रोपं लावत होत्या. बाबांनी मला बघून मातीचा लाडू केला आणि सोडला. तो फुटला.

"आज पळा," ते म्हणाले. "पर बांधावरूनच."

माझ्या पायात चपला होत्या.